राजवस्त्र

सत्काराची शाल खांद्यावर पडली, की मला आमच्याच नाशिक जिल्ह्यातल्या कौळाण्याचा गोपाळ आठवतो. १८७५ साली दत्तक जाऊन तो बडोद्याचा सयाजीराव झाला. १८८७ साली सरकारने महाराजांना ‘स्टार ऑफ इंडिया’चा सर्वोच्च किताब दिला. फिकट निळ्या साटिनचा पायघोळ झगा, कमळे नि गुलाब गुंफलेली सोनेरी साखळी, छातीवर तारा! पण १९११ च्या दिल्ली दरबारात महाराज बादशहापुढे गेले ते साध्या पांढऱ्या पोशाखात, अलंकारांवाचून. केवढा गहजब झाला! दिलगिरीचे पत्रही लिहावे लागले. तरी लोकांच्या ध्यानात राहिला तो पांढरा पोशाखच. आम्हां पंचवटीकरांना त्याचे नवल कसले? राजवस्त्रे उतरवून वल्कले नेसलेल्याच्याच दारी आम्ही रोज हात जोडतो.