मोरगावचा मिस्त्री आणि उजनीची होडी

मोरगावात होडीचे काय काम, असे कोणीही विचारील. पुण्याहून सासवड, जेजुरी करीत सुमारे पासष्ट किलोमीटर गेले की हे गाव लागते. कऱ्हा गावाजवळून वाहते खरी; पण वाहते म्हणण्यापेक्षा पावसाळ्यात वाहते आणि उरलेले वर्ष आपली वाळू वाळत घालते, असे म्हणणे अधिक बरोबर. सह्याद्रीने अडवून उरलासुरला पाऊस या पट्ट्याच्या वाट्याला येतो. बारामती म्हटले की परक्या माणसाच्या डोळ्यांपुढे उसाचे फड उभे राहतात. पण ते कालव्याखालचे. मोरगाव-सुप्याकडची माणसे स्वतःला आजही जिरायती म्हणवतात, आणि म्हणताना आकाशाकडे पाहतात.

अष्टविनायकांच्या यात्रेत पहिला मान या गावाचा. मयूरेश्वराचे देऊळ दुरून पाहिले तर मशीद वाटते. चारी कोपऱ्यांवर मनोरे, भोवती उंच तट. जवळ गेले की दुसरी नवलाई. गणपतीसमोर उंदीर असायचा, तो आहेच. पण त्याच्याशिवाय भला थोरला दगडी नंदीही देवाकडे तोंड करून बसलेला! शंकराच्या देवळासाठी म्हणून हा नंदी गाड्यावरून चालला होता. गाडा येथे मोडला आणि नंदी जागचा हलेना, अशी कथा सांगतात. दुरुस्तीसाठी थांबावे आणि कायमचे राहून जावे, असा हा नंदीचा प्रकार. गावात गाडा दुरुस्त करणारा चांगला मिस्त्री त्या वेळी नसावा, एवढाच मी त्याचा अर्थ लावला.

आज मात्र तसा मिस्त्री आहे. गेल्या मार्गशीर्षात दर्शन आटोपून मी चहाच्या शोधात निघालो, तो एका पत्र्याच्या शेडपुढे थबकलो. आत लाकडी ठोकळ्यांवर एक डिझेल इंजिन उघडे पडले होते. त्याच्याभोवती तीन माणसे, आजाऱ्याच्या खाटेभोवती बसावीत तशी, बसली होती. मधले वृद्ध गृहस्थ मिस्त्री. त्यांना सगळे आण्णा म्हणत. दुसरे इंदापूर तालुक्यातून आलेले होडीवाले तात्या, आणि तिसरा तात्यांचा विशीतला मुलगा. तात्यांची सासुरवाडी याच बाजूची. म्हणून उजनीच्या पाण्यावरचे इंजिन टेम्पोत घालून या कोरड्या गावी आणले होते.

पण कोरड्या गावातच इंजिनाचा खरा जाणकार भेटायचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, तेथून लोखंडी नांगर शेतात आला. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांचा तेल-इंजिनांचा कारखाना निघाला आणि विहिरीवरची मोट हळूहळू उतरली. वीज पोचेपर्यंत या भागातल्या मळ्यांचा जीव एका नळकांड्याच्या इंजिनात होता. आण्णा म्हणाले, नुसत्या टुकटुकीवरून कुणाच्या मळ्यात पाणी चालू आहे आणि कुणाचे इंजिन आजारी आहे, हे आम्ही ओट्यावर बसून सांगत होतो. पुढे विजेच्या मोटारी आल्या, इंजिने गोठ्यात गेली. आण्णांचे कान मात्र शाबूत राहिले.

“सांगा आण्णा,” तात्या म्हणाले, “बांधायचं का बदलायचं?”

जुने इंजिन खोलून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडण्याला या धंद्यात ‘इंजिन बांधणे’ म्हणतात. घर बांधावे, संसार बांधावा, तसे इंजिन बांधावे. मला तो शब्द फार आवडला.

“घाई करू नगा, पावणं. आधी दुखणं बघू.”

दुखणे असे होते. सकाळी हँडल मारून मारून दंड भरून येत. एकदा चालू झाले की निळा धूर. निळा धूर म्हणजे वंगणतेल वर चढून जळते आहे. काळा असता तर डिझेल जास्त किंवा हवा कमी, म्हणजे नॉझल साफ करून भागले असते. आण्णांनी नळकांड्याच्या आतल्या भिंतीवरून, म्हणजे लायनरवरून, बोटाचे नख फिरवले आणि माझेही फिरवायला लावले. वरच्या टोकाला नख अडले. पिस्टनच्या रिंगा जेथून माघारी वळतात तेथेच उष्णता आणि दाब सर्वांत अधिक, आणि वंगण सर्वांत कमी. म्हणून झीज तेथे जास्त, आणि त्याच्या वर, जेथे रिंग पोचतच नाही, तेथे न झिजलेली कड उरते. मग त्यांनी मापाचे घड्याळ आत सोडले. ऐंशी मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात पाव मिलिमीटरहून जास्त झीज निघाली. एवढ्याशा फटीतून घोड्यांची शक्ती पळून जाते!

मुलगा इतका वेळ गप्प होता. आता तो सरसावला. “तात्या, ह्याच्यात पैसं घालण्यापेक्षा नवं घेऊ. हप्त्यानं मिळतंय. तीन हजार फेऱ्यांचं, वजनाला निम्मं. पक्षी बघायला येणारी माणसं धूर बघून नाकाला रुमाल लावत्यात.”

त्याचे म्हणणे वावगे नव्हते. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि इंदापूर, करमाळा, दौंड भागातली कितीतरी गावे पाण्याखाली गेली. पळसदेवाचे जुने देऊळ दुष्काळात पाणी उतरले की अजून वर डोके काढते. पण त्याच पाण्याने भिगवण-कुंभारगावच्या उथळ काठांवर रोहित पक्षी आणले. हिवाळ्यात त्यांना पाहायला पुण्या-मुंबईचे लोक येतात, आणि ज्यांची शेते बुडाली त्यांची पोरे होडीत बसून त्यांना पक्ष्यांची नावे सांगतात. तात्यांची होडी मात्र मुख्यतः उताराची. या काठची माणसे त्या काठी नेणारी. रस्त्याने वळसा मोठा, पाण्याने समोरासमोर.

आण्णांनी मुलाला उडवून लावले नाही. शेजारच्या भिंतीवर खडूने त्यांनी दोन रकाने आखले. “नवं इंजिन घ्यायचं कवा? एक, ठोकळा नाहीतर क्रँक चिरलेला असंल तर. दोन, सुटं भाग मिळंनासं झालं तर. तीन, पहिल्यापेक्षा जास्त काम पाहिजे असंल तर. ह्यातलं काय हाय, तेवढं बघू.”

चीर पाहण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी होती. ठोकळ्याला रॉकेल चोळले, फडक्याने कोरडा पुसला आणि वर खडूची भुकटी फासली. चीर असेल तर तिच्यात शिरलेले रॉकेल भुकटीतून ओलसर रेघ होऊन बाहेर येते. पंधरा मिनिटे आम्ही चौघे त्या पांढऱ्या लोखंडाकडे टक लावून होतो. तात्यांच्या कपाळावरचा घाम मी पाहिला. एका रेघेवर त्या घरची दोन-तीन वर्षांची मिळकत टांगली होती. रेघ उमटली नाही. क्रँकही मापात निघाला; लेथवाल्याकडे एकदा घासून अंगाजोगे बेअरिंग बसवले की भागणार होते. सुटे भाग बारामतीत मिळतात. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगे, नॉझल आणि मजुरी, सगळे धरून आकडा नव्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास आला.

“आणि नव्याचा आकडा नुसत्या इंजिनाचा न्हाय,” आण्णा मुलाला म्हणाले. “तुझ्या होडीचा पंखा पंधराशे फेऱ्यांचा. तीन हजारांचं इंजिन बसवलंस तर मधी गिअर पाहिजे, नाहीतर पंखा बदल. बैठक बदल, दांडा सरळ रेषेत आण. केसभर वाकडा राहिला तर बेअरिंग खातो. आणि हे वजन तळाला हाय म्हणून होडी पाण्यात बसून चालती. ते निम्मं केलं तर वाऱ्यात कशी डुलंल, ते आधी बघाय लागंल.”

पण तात्यांचा प्रश्न पैशाचा नव्हताच. खाली मान घालून ते म्हणाले, “आण्णा, मधी पाण्यात बंद पडणार न्हाय ना? एवढंच सांगा.”

शेडमध्ये क्षणभर कोणी बोलले नाही. २१ मे २०२४ रोजी करमाळ्याकडच्या कुगावहून इंदापूरकडच्या कळाशीला येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसे गेली. त्या पाण्यावर होडी चालवणारा माणूस तो दिवस विसरणार नाही. वाऱ्यात इंजिन बंद पडले की होडी लाटांना आडवी होते, आणि आडव्या होडीला मग कोणी वाली नाही.

“नव्याचीबी खात्री कोण देणार?” आण्णा सावकाश म्हणाले. “इंजिन म्हातारपणानं अचानक मरत न्हाय, पावणं, चार महिनं आधी धुरानं सांगतंय. अचानक मरतं ते डिझेलमधल्या पाण्यानं, तुंबलेल्या फिल्टरनं, तडकलेल्या नळीनं. ते नव्यालाबी चुकत न्हाय. वाचलेल्या पैशातनं टाकी, फिल्टर आणि नळ्या नव्या घाला. वल्ही दोन जास्त ठेवा. आणि माणसागणिक तरंगणारी जाकिटं. वारं सुटलं तर मात्र इंजिन नवं असू दे न्हायतर जुनं, होडी सोडायचीच न्हाय.”

मग जरा हसून देवळाकडे हात करीत म्हणाले, “देव तोच ऱ्हातो, शेंदराचं कवच जुनं झालं की गळून नवं चढतं. लायनर म्हंजे तसंच कवच हाय.” निर्णय झाला. मुलाचे तोंड उतरलेले पाहून आण्णांनी त्याच्या हाती पाना दिला. “मी सांगतो, तू बांध. ज्यानं बांधलं त्याला पाण्यात हाक मारावी लागत न्हाय.”

डिझेल हे एका माणसाचे नाव, हे त्या मुलाला मीच सांगितले. रुडॉल्फ डिझेल याने १८९७ साली जर्मनीत ऑग्सबुर्गला हे इंजिन यशस्वी केले आणि १९१३ च्या सप्टेंबरात इंग्लंडला जाताना एका रात्री बोटीवरून तो नाहीसा झाला. “म्हंजे पाण्यातच गेला?” मुलाने विचारले आणि नळी अधिक घट्ट आवळली.

आठवड्याने इंजिन निघाले, तेव्हा मीही टेम्पोत बसलो. मोरोपंतांच्या बारामतीपाशी देखावा पालटला. १८८५ सालापासून नीरेचा डावा कालवा या जमिनीला ओलावा देतो आहे. खुद्द कऱ्हाही खाली नीरेला मिळते आणि नीरा भीमेला. पण तो संगम नृसिंहपूरला, उजनी धरणाच्या खालच्या अंगाला. मोरगावचे पाणी उजनीला कधी पोचत नाही. मोरगावचे कसब पोचले, तेही टेम्पोने. वाटेत वालचंदनगरचा फाटा दाखवणारी पाटी दिसली आणि वालचंद हिराचंदांची आठवण झाली. ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली, तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. ती बोट नवी नव्हती. १८९१ साली बांधलेली, दुसऱ्याच्या हातची घेतलेली होती. चार वर्षांत ती मोडीतही निघाली. जुन्याने काम साधते, पण त्याची मुदत ओळखावी लागते. आण्णांनीही निरोप देताना बजावले होते, “आता क्रँकमधी आणखी एकदा घासण्यापुरताच जीव हाय. तवर नव्याची पुंजी गोळा करा.”

कळाशीच्या काठावर इंजिन बैठकीवर चढले. मुलाने हँडल मारले. दुसऱ्या फेरीला त्याने दम धरला आणि टुकटुक सुरू झाली. धूर जवळजवळ दिसेनासा. पलीकडे जाणारी एक आजी जाकीट अंगात चढवताना कुरकुरली, “ह्यानं लुगडं चुरगळतंय.” तात्यांनी ऐकून घेतले, पण पट्टा स्वतः आवळला. मी येण्याजाण्याचे भाडे एकदमच पुढे केले, तेव्हा त्यांनी निम्मे परत दिले. आकाशाकडे एकदा पाहून म्हणाले, “आधी जाऊ तर. माघारीचं माघारी येताना बघू.”