सुरतेच्या रंगमंचावर आणि सुरतेच्या अंगणात

सुरत म्हटले की मराठी माणसास प्रथम आठवते ती शिवरायांची स्वारी, १६६४ ची आणि पुन्हा १६७० ची. त्यानंतर आठवते ती घारी. जेवण सुरतेचे आणि मरण काशीचे, अशी गुजराती म्हणच आहे. मुंबई सेंट्रलपासून हे शहर लोहमार्गाने २६३ किलोमीटरांवर. वसई-पालघरकरांस तर त्याहूनही जवळ. लग्नसराईत साड्या घ्यावयास आपली माणसे तेथे जातात आणि दिवस मावळण्यापूर्वी बोचकी सांभाळीत परतीची गाडी गाठतात. सुरतेची खरी ओळख मात्र दिवे लागल्यानंतर होते, असे माझे मत आहे. गावच्या सणाला मंडपात रात्रभर नाटक पाहणाऱ्या आपल्या वाचकांस तेथे खचितच परके वाटणार नाही.

प्रथम पारशी नाटकाविषयी. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले. दहा वर्षांनी, १८५३ साली, त्यांच्या मंडळीने मुंबईत खेळ केले आणि त्याच वर्षी मुंबईच्या पारशी तरुणांनीही आपली नाटक मंडळी उभी केली. म्हणजे या दोन्ही रंगभूमी शेजारणीच होत. त्या थोर पारशी कंपन्या काळाच्या ओघात लोपल्या. परंतु पारशांचे जुने वसतिस्थान जे सुरत, तेथे त्यांच्या बोलीतील विनोदी नाटक तगून राहिले. याचे श्रेय पुष्कळसे यझदी करंजिया यांच्याकडे जाते. त्यांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी अनेक दशके ही नाटके रंगविली, कित्येक खेळ धर्मादाय कार्यासाठी केले, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या नाटकांत पारशी मनुष्य हसे करतो ते स्वतःचेच: आपल्या हट्टाचे, खाण्याच्या चोचल्यांचे, तोंडात सदैव घोळणाऱ्या शिव्यांचे. गुजराती न येणाऱ्याचे पहिल्या अंकातील निम्मे विनोद निसटतात. दुसऱ्या अंकापर्यंत कान सरावतो. २००१ च्या जनगणनेत भारतात ६९,६०१ पारशी होते, २०११ च्या जनगणनेत ५७,२६४. दहा वर्षांत बारा हजार माणसे घटली, आणि जी उरली ती स्वतःच्याच वार्धक्यावर टाळ्या देऊन हसतात. हे हास्य पोकळ नाही. मला तर त्यात मोठे धैर्य दिसते.

सुरतेने रंगभूमीला माणसेही दिली. चंद्रवदन मेहता येथेच १९०१ साली जन्मले. त्यांचे ‘आगगाडी’ हे नाटक रेल्वेच्या फायरमनांच्या जीवनावर आहे. राजेरजवाड्यांना विटलेल्या प्रेक्षकांपुढे कोळशाने काळवंडलेला माणूस उभा करणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. चित्रपटांत संजीवकुमार म्हणून गाजलेले हरिहर जरीवाला हेही मूळ नाटकवाले आणि सुरतेचेच. पाल भागातील नाट्यगृहास त्यांचे नाव आहे. महानगरपालिका नाट्यस्पर्धाही भरवते. त्या दिवसांत गेल्यास हौशी मंडळींचे खेळ पाहावयास मिळतात.

तथापि सुरतेचे सर्वांत रसाळ दर्शन नाट्यगृहाबाहेर घडते. आश्विनात नवरात्र येते. मोठ्या मैदानांवरचा, ध्वनिक्षेपकांनी कान किटवणारा गरबा मला रुचत नाही. जुन्या शहरातील शेरी गरबा पाहावा. शेरी म्हणजे गल्ली. मध्ये छिद्रांची मातीची घागर, आत दिवा, भोवती त्या गल्लीतील आजीपासून नातीपर्यंत सर्वजणी. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने गुजरातच्या गरब्यास मानवजातीच्या वारशात स्थान दिले. देवता त्यांची आहे. पाहुण्याने आदराने कडेला उभे राहावे, बोलावले तर फेरात जावे.

याच सुमारास शहराबाहेरच्या खेड्यांत घेरैया निघतात. हे हळपती समाजाचे पुरुष. नेसू साडी, अंगावर दागिने, डोक्याला फेटा, एका हातात टिपरी आणि दुसऱ्या हातात मोरपिसांचा जुडगा. त्यांचा म्होरक्या, त्याला कवियो म्हणतात, ओळ सांगतो. बाकीचे ती झेलून घेतात आणि टिपऱ्यांच्या ठेक्यावर फेर धरतात. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत ते घरोघर जातात, घराला आशीर्वाद देतात आणि दक्षिणा घेतात.

हे नृत्य पाहताना नाचणारा कोण हे ठाऊक असावे. हळपती म्हणजे पूर्वीचे दुबळा, भूमिहीन शेतमजूर. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढायचे आणि ते फेडण्यासाठी जन्मभर त्याच्याच शेतात राबायचे, या पद्धतीस हाळी पद्धत म्हणत. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमान यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी या खेड्यांत राहून तिचा अभ्यास केला. आता ते बंधन तसे राहिले नाही. मजुरी मात्र राहिली आहे. वर्षभर ज्या अंगणात खाली मान घालून उभे राहावे लागे, त्याच अंगणात घेरैया मोरपीस उंचावून येतो आणि धन्याच्या मुलाबाळांना आशीर्वाद देतो. तेवढा वेळ धनी ओट्यावरून ऐकत राहतो. टिपऱ्यांचा तो कोरडा, एकसुरी ठोका मी पुष्कळ नामवंत मैफलींपेक्षा अधिक दिवस मनात बाळगला आहे.

मराठी कानाला ओळखीचे काही हवे असेल तर श्रावणात लिंबायत-उधन्याकडे जावे. तापी खोऱ्याच्या लोहमार्गाने धुळे, जळगाव, नंदुरबारकडील हजारो कुटुंबे मागांवर काम करावयास येथे आली आणि येताना कानबाई घेऊन आली. नागपंचमीनंतरच्या रविवारी तिची स्थापना होते. रात्रभर बाया अहिराणीत गातात, फुगड्या घालतात, आणि सोमवारी नाचत-वाजवत तिला निरोप देतात. कारखान्यातील यंत्रांच्या खडखडाटात आठवडा काढणारी ही माणसे त्या रात्री खान्देशातच असतात.

ज्यांना अधिक सवड असेल त्यांनी होळीच्या आधी डांगात, आहव्यास जावे. सुरतेहून सुमारे दीडशे किलोमीटरांचा रस्ता आहे. तेथे डांग दरबार भरतो. डांगचे पाच भिल्ल राजे आपला वार्षिक तनखा घ्यावयास येतात; त्यांच्या वनांवर इंग्रजांनी १८४२ साली करार केला, तेव्हापासूनचा हा धागा. दरबार तासाभरात आटोपतो. पुढे पावरी सुरू होते, ढोल घुमू लागतो, स्त्री-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी करतात आणि पाहता पाहता माणसांवर माणसे चढून मनोरा उभा राहतो. जव्हार-डहाणूकडचा तारपा ज्याने ऐकला आहे त्याला ही चाल ओळखीची वाटेल. बोलीही निम्मी मराठीच आहे. सोबत घोंगडी असू द्यावी. डांगात त्या दिवसांत पहाटे थंडी पडते, आणि नाच पहाटेपर्यंत चालतो.