लॅमिंग्टन रोडवरून वर्गापर्यंत

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला थोडं चाललं की लॅमिंग्टन रोड लागतो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, लोकांच्या तोंडी मात्र जुनंच नाव. आम्ही काही शिक्षक आणि विद्यार्थी इथे आलो, कारण मागच्या बाकांपर्यंत आमचा आवाज नीट पोहोचत नव्हता. उर्दूत 'क़ल्ब' म्हणजे हृदय आणि 'कल्ब' म्हणजे कुत्रा. एवढा फरक तरी ऐकू यायला हवा!

दुकानात तळहातावर मावेल असा क्लास डी ॲम्प्लिफायरचा बोर्ड मिळाला. यातले ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात, म्हणून वीज उष्णतेत फारशी वाया जात नाही. टीपीए ३११६ ही चिप २६ व्होल्टपर्यंत चालते. जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा ॲडॉप्टर पुरला. माइकसाठी छोटा प्रीॲम्प वेगळा घेतला. शाळेत मुलांनी बोर्डाला वीज मिळते तिथे १००० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा कपॅसिटर सोल्डर केला. घरी करून पाहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: दोन्ही स्पीकरच्या वजा तारा एकमेकींना जोडू नयेत, चिप बिघडू शकते.

आता श्रुतलेखनात मागच्या बाकावरही हृदय हृदयच राहतं, अल्हम्दुलिल्लाह.