धुवाँधारच्या वाटेवर

नर्मदेचे दर्शन पायी चालत घ्यावे, असा जुना संकेत आहे. परिक्रमेला निघालेला मराठी माणूस तिला ‘मैया’ म्हणतो आणि महिनोन् महिने तिच्या काठाने चालतो. आपणा संसारी मंडळींना एवढी सवड कुठली? पण दोनेक किलोमीटर तरी चालायला काय हरकत आहे? तेवढ्यासाठी जबलपूरजवळच्या भेडाघाटला जावे. जबलपूर आपल्याला अगदीच परके नाही. १८१७ पर्यंत तिथे नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती आणि मुंबई-कलकत्ता लोहमार्ग १८७० साली तिथेच जोडला गेला.

वाट सुरू होते पंचवटी घाटावर. इथली नर्मदा शांत, हिरवट आणि खोल. दोन्ही बाजूंना संगमरवराचे कडे; कुठे दुधासारखे पांढरे, कुठे निळसर, कुठे काळपट. नावेत बसलात तर नावाडी तुकबंदीत खडकांची वर्णने ऐकवील आणि मुले हसून बेजार होतील. ‘बंदरकूदनी’ला कडे इतके जवळ होते म्हणे, की माकडे या काठावरून त्या काठावर उडी मारीत!

घाट सोडून पायऱ्या चढलात की चौसष्ट योगिनींचे देऊळ लागते. दहाव्या शतकातले, कलचुरी राजांच्या वेळचे, गोलाकार आणि माथ्यावर उघडे. नाव चौसष्टचे, पण कोनाडे एक्याऐंशी! बहुतेक मूर्ती भग्न आहेत. मधल्या देवळात मात्र शंकर-पार्वती एकाच नंदीवर बसून जोडीने निघाले आहेत. दम खायला जागा चांगली.

पुढे पाण्याआधी आवाज भेटतो. प्रथम लांबच्या आगगाडीसारखी घरघर, मग शेजारच्याशीही ओरडून बोलावे लागते. रुंद पात्रातले पाणी खडकांवर आपटत, फेसाळत येते आणि एकाएकी अरुंद घळीत झेपावते. तुषारांचा धूर वर उठतो. म्हणूनच हा धुवाँधार! चष्मा क्षणात धूसर होतो. उंची विचारू नका, जोर पाहा.

गंमत अशी, की महापुरात हा धबधबाच दिसेनासा होतो. खालची घळ अरुंद. पाणी तुंबून वर चढते आणि कड्याची पायरीच बुडून जाते. उरते ते नुसते सपाट, गढूळ, धावते पाणी.

आता या पाण्याची चावी वर, बरगीच्या धरणाकडे आहे. ते १९९० साली पूर्ण झाले. त्याच्या कालव्यांनी शेते भिजली, वीजही मिळाली. पण जलाशयाने १६२ गावांना झळ पोचली. काठावर पिढ्यान् पिढ्या शेती केलेल्या कित्येकांवर जबलपुरात येऊन सायकलरिक्षा ओढण्याची पाळी आली. कठड्याशी उभे राहून मुलांना धबधबा दाखवताना हेही सांगावे. मैया म्हणायचे, तर तिच्या लेकरांची विचारपूस नको का करायला?

पावसाळ्यात नावा बंद असतात. दिवाळीच्या सुटीत त्या पुन्हा चालतात, हवेत गारवा असतो आणि पाणीही भरपूर. कार्तिकी पौर्णिमेला मोठी जत्रा भरते. गर्दी नको असेल तर तो दिवस टाळावा. पायांत न घसरणाऱ्या चपला घालाव्यात, धाकट्यांचा हात सोडू नये आणि कठड्यापलीकडे जाण्याचे धाडस कुणीच करू नये.