कंसातले शब्द

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या कोर्टात मी वकिली करायचो, राहायचो लोधीखेड्यात. 2003 च्या सुमारास गावातलीच एक तलाक मिळालेली बाई माझ्याकडे आली. नवरा मेहर आणि इद्दतीचा, म्हणजे तीनेक महिन्यांचा, खर्च द्यायला तयार होता. ‘‘वकीलसाब, किताब में भी इतनाच लिखा है क्या?’’ तिनं विचारलं. मी कुराणाचा हिंदी अनुवाद काढला, दुसऱ्या सूरेची 241 वी आयत पाहिली आणि ‘हो’ म्हणालो. तलाक दिलेल्या स्त्रीला रीतीप्रमाणे खर्च मिळावा, असं तिथं होतं आणि ‘इद्दतीच्या मुदतीत’ हे शब्द कंसात होते. तिनं तडजोडीवर अंगठा दिला. पुढं ती मजुरीनं संत्री तोडायला जाऊ लागली.

तो कंस अनुवादकाचा होता. मूळ अरबी आयतीत मुदतच नाही.

हे मला फार उशिरा कळलं, शाहबानो खटल्याचा निकाल पहिल्यांदा मुळातून वाचला तेव्हा. इंदूर आमच्याच राज्यातलं. तलाक मिळालेल्या शाहबानोंना तिथल्या मॅजिस्ट्रेटनं महिना 25 रुपये पोटगी दिली, हायकोर्टानं ती 179 रुपये 20 पैसे केली आणि नवरा त्याविरुद्धही सुप्रीम कोर्टात गेला. 23 एप्रिल 1985 च्या निकालात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी याच आयतीचे वेगवेगळे अनुवाद शेजारी शेजारी ठेवले आहेत. मुस्लीम पर्सनल लॉ बोर्डाचं म्हणणं होतं की आयतीतला ‘मताअ’ म्हणजे तरतूद, पोटगी नव्हे. या फरकानं काही बिघडत नाही, देणं नवऱ्यावर आहेच, असं कोर्टानं सांगितलं. त्या निकालावर मी वर्षानुवर्षं तावातावानं बोललो होतो, तो न वाचता.

कायद्यातही तेच केलं. त्या निकालानंतर आलेल्या, तलाकशुदा मुस्लीम स्त्रियांसाठीच्या 1986 च्या कायद्यात रास्त तरतूद इद्दतीच्या काळाच्या आत करावी, असं आहे. मी ती इद्दतीपुरती समजलो. शाहबानोंची बाजू मांडणारे दानियाल लतीफी या कायद्याविरुद्ध कोर्टात गेले होते. त्यावर 28 सप्टेंबर 2001 ला घटनापीठानं स्पष्ट केलं होतं : रक्कम इद्दतीत द्यायची, पण ती बाईच्या पुढच्या आयुष्याचा विचार करून. लोधीखेड्यातली ती बाई माझ्याकडे आली तेव्हा हा निकाल लागून गेला होता. वकील असून मला तो ठाऊक नव्हता, याला क्षमा नाही.

पण अज्ञानाहून वाईट गोष्ट वेगळी होती. ‘त्यांच्या धर्मात बाईला काही नाहीच’ असं मी मनाशी धरून बसलो होतो. तो कंस माझ्या समजुतीशी जुळला, म्हणून खटकला नाही. नवऱ्याला जो अर्थ सोयीचा, तोच मी धर्माचा म्हणून तिला वाचून दाखवला.

नंतर चौथ्या सूरेची 34 वी आयतही ताडून पाहिली. बायकोला मारण्याबाबत अनुवादक युसुफ अलींनी इंग्रजीत ‘हलकेच’ हा शब्द स्वतः कंसात घातला. 2007 साली अमेरिकेतल्या लालेह बख्तियार यांनी त्याच क्रियापदाचा अर्थ ‘तिच्यापासून दूर जा’ असा केला. तो सगळ्यांना पटलेला नाही. पण वाद आहे, एवढं तरी विचारणाऱ्या बाईला कळायला हवं.

सुप्रीम कोर्टाच्या 10 जुलै 2024 च्या निकालानं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 ची पोटगीही तलाकशुदा मुस्लीम स्त्रीला मागता येते, हे पक्कं झालं आहे. सौंसर-पांढुर्ण्यातल्या तरुण वकिलांनो, अशी बाई दारात आली तर तिला तीन महिन्यांचा हिशेब सांगून परत पाठवू नका.