सातबारा पेटीत, माती ओढ्यात

आपल्या समाजात जमिनीचा विषय निघाला की बोलणे सातबाऱ्यावर येते आणि तेथेच थांबते. ते स्वाभाविक आहे. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबण्यात गेल्या, त्यांचे नाव कागदावर चढणे ही काही लहानसहान गोष्ट नाही. परंतु कागद मिळाल्यावर पुढे काय, हे आपण फारसे विचारत नाही. त्याविषयी आज चार शब्द लिहितो.

ही जमीन आपल्याला कोणी दान दिलेली नाही. १९५३ साली मराठवाड्यात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने पडीक जमिनीसाठी सत्याग्रह केला. १९५९ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा लढा उभारला. पुढे ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह झाला आणि लाखो बायाबापड्या तुरुंगात गेल्या. त्यानंतर २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. तरीही अनेकांची प्रकरणे आजवर लटकलेली आहेत.

पण जी मिळाली ती जमीन कोणती? आमच्या हिमायतनगर भागात पैनगंगेच्या काठची काळी, कसदार जमीन ज्यांची होती त्यांचीच राहिली. आपल्या वाट्याला गायरान आले, म्हणजे माळ, उतार आणि वीतभर मातीखाली मुरूम. आमच्या घरचे तीन एकर असेच आहे. बाबांनी त्यातले दगड वेचता वेचता जन्म घालवला. एकदा मी जमिनीचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पेटीत ठेवत होतो. माय बघत होती. ती म्हणाली, “बापू, सातबारा पेटीत जपून ठेवलास, पन माती वढ्यानं चालली, ती कोन्या पेटीत ठेवतूस?”

मी बी.कॉम. झालेला कारकून, दिवसभर जमाखर्च लिहिणारा. मायचे बोलणे मला हिशेबाच्या भाषेत कळले. माती हे मुद्दल आहे आणि पीक हे त्यावरचे व्याज. पावसाच्या प्रत्येक सरीबरोबर मुद्दलच वाहून जात असेल, तर व्याज कोठून येणार? परमपूज्य बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. त्यात त्यांनी दाखवून दिले की शेत किफायतशीर आहे की नाही हे केवळ एकरांवर ठरत नाही. त्या जमिनीला भांडवल आणि साधने किती लाभतात यावर ते ठरते. आपल्याजवळ बैल नाही, विहीर नाही, बँकेत पत नाही. मग उरलेले भांडवल म्हणजे ती वीतभर माती!

त्या मातीची किंमत अलीकडे सरकारनेच करून दाखवली. २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात हजारो हेक्टर जमीन खरडून गेली, तेव्हा अशा जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख मदत जाहीर झाली. म्हणजे एकरी सुमारे १९ हजार. जी माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात, तिचे हे मोल! आणि ज्याचे नाव सातबाऱ्यावरच नाही, त्याला तर भरपाईच्या यादीत येण्यासाठीही झगडावे लागते.

मातीच्या या धुपेचे दुखणे महात्मा फुल्यांनी फार पूर्वी ओळखले होते. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी सरकारला सुचवले की रिकामे असलेले पलटणीतले शिपाई आणि पोलीस यांच्याकडून तालीबंधारे बांधून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरेल आणि माती वाहून जाणार नाही. पलटणी काही आल्या नाहीत. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीवर बांध घातले ते आपल्याच आयाबापांनी, आणि तेही बहुतेक दुसऱ्यांच्या शेतात. ती विद्या आपल्या हातात आहे. ती आता आपल्या माळावर वापरायची आहे.

काय करता येईल? पहिले म्हणजे नांगरट, वखरणी आणि पेरणी उताराला आडवी करावी. मग पिकाची प्रत्येक ओळ हा एक लहान बांधच होतो. बांधाला दगडाचा सांडवा ठेवावा, नाहीतर तुंबलेले पाणी बांधच फोडते. बांधावर गवत आणि गिरीपुष्प लावावे. त्यांची मुळे माती धरतात आणि गिरीपुष्पाचा कोवळा पाला शेतात टाकला की खत होते. नुसते सोयाबीन न घेता चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर घ्यावी. तुरीची मुळे खोल जातात, पाने गळून जमिनीवर पडतात आणि एक पीक गेले तरी दुसरे हाती राहते. काडीकचरा पेटवू नये. आगीत जमिनीचे अन्न जळते.

शेणखत कोठून आणायचे, असे पुष्कळजण विचारतात, कारण आपल्या घरी जनावरे थोडी. यावर उपाय पैनगंगेपलीकडच्या पुसदमध्येच निघाला आहे. तेथील नारायण पांढरीपांडे, म्हणजेच नाडेप काका, यांनी विटांचे जाळीदार टाके केले. लांबी १० फूट, रुंदी ६ फूट, उंची ३ फूट. त्यात सुमारे १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, १,७५० किलो चाळलेली माती आणि शेण फक्त ९० ते १०० किलो, असे थरावर थर भरून पाणी शिंपडतात. वरून शेणमातीने लिंपतात. तीनचार महिन्यांत जवळपास तीन टन खत मिळते. म्हणजे एका गाईच्या शेणातही टाके भरता येते.

हे गरिबाला जमते का? आपला भाग पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. त्याच संस्थानातल्या जहीराबादजवळ पस्तापूर येथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था १९८३ मध्ये सुरू झाली. तेथील दलित बायांच्या संघांनी आपल्या खडकाळ, पडीक जमिनीत बांध घातले, खत टाकले आणि ज्वारी, बाजरी, राळे, तूर अशी पिके एकत्र घेतली. २०१९ साली या बायांना संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायांनी हे केले!

आपल्या धम्मातही बांधाला मान आहे. विनयपिटकाच्या महावग्गात सांगितले आहे की तथागतांनी मगधाची बांधाबांधांनी आखलेली शेते पाहिली आणि तशा नमुन्याचे चीवर करता येईल का, असे आनंदाला विचारले. भिक्खूंच्या चीवरावरचे तुकडे आणि शिवणी म्हणजे ती शेते आणि ते बांध होत. विहारात पंचांग प्रणाम करताना हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

काही तरुण म्हणतील की बाबासाहेबांनी खेडी सोडा म्हटले, मग ही मातीची उठाठेव कशाला? त्यांनी सोडायला सांगितली ती गावकीची गुलामी. जमिनीवरचा हक्क सोडा, असे ते कधी म्हणाले नाहीत. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये तर जातपात न पाहता गावकऱ्यांना जमीन कसायला द्यावी, अशी त्यांची योजना होती. मुलांनी जरूर शिकावे, पुण्या-मुंबईला जावे. पण मागे शेतात राहते ती माय, वहिनी, भावजय. जमीन बटईने दिली तर वर्षभराचा बटईदार दुसऱ्याच्या शेतात बांध कशाला घालील? आणि जमीन पडीक पडली तर पीकपेऱ्यात नोंद होत नाही. ज्यांचा दावा अजून मंजूर व्हायचा आहे, त्यांच्यासाठी तीच नोंद हा पुरावा असतो. माती गेली की पीक जाते, पीक गेले की नोंद जाते आणि दादासाहेबांच्या लढ्याने मिळवलेले हातचे जाते.

म्हणून समाजबांधवांना माझी एक विनंती आहे. १४ एप्रिलची जयंती आणि मृग नक्षत्र यांच्यामध्ये सातआठ रविवार येतात. प्रत्येक विहाराने गावातील आपल्या शेतांची यादी करावी आणि त्या रविवारी श्रमदानाने बांध घालावेत. सुरुवात विधवा आणि एकट्या बायांच्या शेतापासून करावी. जयंतीच्या वर्गणीतून दरवर्षी निदान एका नाडेप टाक्याच्या विटा घ्याव्यात. डीजेचा आवाज रात्रीत विरतो. बांध मात्र पावसाळ्यानंतरही जागेवर असतो.

जय भीम!