भत्ता फेरीचा, पोट दिवसाचे

आमच्या बीड जिल्ह्याला समुद्र नाही. गोदावरी आहे, पण ती उत्तरेच्या शिवेवरून अंग चोरून जाते. सिंदफणा आहे, तिला माजलगावला धरणाने अडवून ठेवले आहे. खारे पाणी पाहावयाचे तर चारशे किलोमीटर पश्चिमेला गेले पाहिजे. असे असूनही कापसाच्या दिवसांत माजलगावच्या रस्त्यावर घटकाभर उभे राहावे, तर परदेशी जहाज कंपन्यांची नावे रंगवलेल्या लोखंडी पेट्या पाठीवर घेतलेले ट्रेलर जाताना दिसतात. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, रुई दाबून 170 किलोची गाठ बांधली जाते, गाठी कंटेनरमध्ये भरून दाराला सील लागते, आणि आमचा कापूस न्हावा शेव्याला जाण्यास निघतो. ते बंदर 1989 साली सुरू झाले. तेव्हापासून आमच्या बाजूच्या कित्येक तरुणांना एक नवी वाट दिसू लागली आहे.

अशाच एका तरुणाने मला कोड्यात टाकले. शेजारचाच मुलगा, वय एकोणीस, माझ्या हाताखालून बारावी होऊन गेलेला. एके संध्याकाळी ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "गुरुजी, मला कोयत्याला जायचं नाही. मामासारखी ड्रायव्हरकी करू का?"

शहरातल्या वाचकांना 'कोयता' म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. आमच्याकडे कोयता म्हणजे नुसते हत्यार नव्हे. ऊस तोडणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड पाठीवर टाकून पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात जायचे, आणि उन्हाळ्यात परतायचे. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, हे खरे. पण उचल अंगावर आधी आणि घाम मागून, हा क्रम काही बदलला नाही. मुलाचे आईबाप वीस वर्षे हेच करीत आले. त्यामुळे 'करू का?' या प्रश्नाला मी सहजासहजी 'नको' म्हणू शकत नव्हतो.

मी त्याच्या मामांना गाठले. गृहस्थ बोलका, हिशेबाला पक्का. पगार 18,000 रुपये, आणि बंदराच्या प्रत्येक फेरीमागे 1,500 रुपये भत्ता. महिन्यात सहा फेऱ्या झाल्या तर 27,000. माझ्या मनात आले, वाईट काय आहे? एवढ्या पगारासाठी पुण्यात पदवीधर मुले अर्ज घेऊन हिंडतात. माझा चेहरा पाहून मामा हसले आणि म्हणाले, "गुरुजी, सहा फेऱ्या होऊ देतंय कोण?"

मग त्यांनी जे सांगितले ते मी या धंद्याविषयी ऐकलेले सर्वांत शहाणपणाचे बोलणे. माजलगावहून गढी, पाथर्डी, अहिल्यानगर, मग पुणे, मग खंडाळ्याचा घाट उतरून पनवेल. भरलेली गाडी एका रात्रीत आणि थोड्या दिवसात तेथवर जाते. खरा प्रवास त्यापुढे, जेव्हा गाडी उभी राहते तेव्हा सुरू होतो. कागद एजंटाकडून यायचे असतात. जहाजासाठी फाटक उघडायचे असते. कस्टमचे काही राहिले तर गाडी बाजूला लागते. पुढची गाडी हात-दीड हात सरकली की आपण सरकायचे. झोपलो आणि रांग पुढे गेली तर मागचा भोंगा वाजवतो. माल उतरला की रिकामी पेटी मिळेपर्यंत पुन्हा थांबायचे. कधी हे सारे अर्ध्या दिवसात उरकते, कधी तीन दिवस जातात. "भत्ता फेरीचा आहे, पोट दिवसाचं आहे," मामा म्हणाले. तीन दिवस तेच पंधराशे खायचे. फेऱ्या सहाच्या चार होतात आणि 27,000 चे 24,000 होतात. त्यातूनच ढाबा, चहा, आंघोळीचे पैसे. गाडी अडकली तर मालकाला थांबण्याचे पैसे मागता येतात. ते खाली झिरपतातच असे नाही.

गंमत म्हणजे इतकी वर्षे बंदरात जाऊन मामांनी समुद्र नीटसा पाहिलेला नाही. कंटेनरच्या भिंती दिसतात, क्रेनची मान दिसते. पाणी पलीकडे असते.

मला कायद्याची पुस्तके चाळण्याची खोड आहे. मोटार वाहतूक कामगारांसाठी 1961 साली कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. त्यात कामाचे तास कशाला म्हणावे हेही सांगितले होते: गाडी चालू असतानाचे काम, त्याला जोडून येणारी कामे, आणि मुक्कामाच्या ठिकाणी पंधरा मिनिटांपेक्षा कमी वेळाची नुसती हजेरी. पंधरा मिनिटे! न्हावा शेव्याच्या रांगेत तेवढ्या वेळात स्टोव्हवरचा चहासुद्धा होत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. पंधरा मिनिटे मात्र तिच्यातही आहेत. मामांना हे वाचून दाखवले तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

सगळेच वाईट आहे असे मी म्हणणार नाही. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मालमोटारींत ड्रायव्हरच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. जुन्या गाडीत बसणाऱ्याला त्याचा गारवा कधी लागेल तो लागो. पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणाऱ्या नव्या कलमाविरुद्ध जानेवारी 2024 मध्ये देशभर ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा पेट्रोलपंपापुढे रांगेत उभे राहून शहरांनाही थांबणे म्हणजे काय ते थोडे कळले. परवान्यासाठी आठवी पास असण्याची अट 2019 साली गेली. शिक्षक या नात्याने मला ते सुतक वाटले, पण पुष्कळ घरांत त्या दिवशी गोडधोड झाले असेल.

मुलाच्या आईची काळजी निराळीच. "ड्रायव्हरला पोरगी कोण देतंय?" मी म्हटले, "आणि कोयत्याला?" ती गप्प बसली, मलाच बोललो ते लागले. थोड्या वेळाने तिने विचारले, "त्या रांगेत सावली असती का?" कारखान्याच्या काट्यापुढे उसाची बैलगाडी घेऊन तिने रात्री काढल्या होत्या. रांग काय असते हे तिला मामांपेक्षाही अधिक ठाऊक होते.

मुलाला मी हो म्हटले नाही, नको म्हटले नाही. मामांचा हिशेब कागदावर मांडून दिला, आणि नोकरी धरताना पगाराच्या आधी एक गोष्ट विचार, असे सांगितले: थांबण्याच्या दिवसाचा भत्ता वेगळा आहे की नाही? जड वाहनाचा शिकाऊ परवाना मिळण्याआधी हलक्या वाहनाचा परवाना एक वर्ष हाती असावा लागतो, आणि वय वीस. त्याने आषाढात हलक्याचा परवाना काढला. दसरा झाल्यावर आईबाप मुकादमाच्या ट्रॅक्टरवर चढले. तो चढला नाही. सध्या जिनिंगवर गाठी मोजतो, आणि कंटेनर भरायला आला की मागचे दार लावण्यापूर्वी ड्रायव्हरला विचारतो, "तिकडं किती दिवस लागले?" उत्तरे वहीत लिहून ठेवतो.